ड्रिल मशीन घरी कोणी नेलं?

आजचा एपिसोड माझ्या ऑफिसच्या एका बक्षिसावरून सुरू होतो, ऐंशी वर्षं मागे अमेरिकेतल्या युद्धकाळातल्या कारखान्यांत जातो आणि परत ताथवड्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये येतो. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवलाय. बोललेलंच लिहिलंय, त्यामुळे "म्हणजे" आणि "बरं का" जरा जास्त येतील. सांभाळून घ्या.

तर झालं असं. गेल्या तिमाहीत आमच्या टीमनं एक जुनी सिस्टीम नव्या सर्व्हरवर हलवली. तीन वीकेंड गेले, एक रात्र पूर्ण जागून काढली. मॅनेजरनं अवॉर्डसाठी माझं नाव दिलं. मेलवर सर्टिफिकेट आलं, सोबत पॉइंट्स आले आणि ते खर्च करायला एका पोर्टलची लिंक. मी गेल्या वर्षी फ्लॅट घेतलाय, म्हणजे वीस वर्षं हप्ते भरायला घेतलेत. त्यामुळे हेडफोन, बॅकपॅक, एअर फ्रायर सगळं सोडून मी थेट "घर आणि हत्यारं" या विभागात गेले. माझ्या पॉइंट्समध्ये तीनच गोष्टी बसत होत्या.

एक, १३ एमएमचं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल, सोबत शंभर तुकड्यांची पेटी. दोन, १२ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल, दोन बॅटऱ्या आणि चार्जर. तीन, दोन किलो वर्गातलं रोटरी हॅमर. हे तिसरं दिसायला ओबडधोबड, सोबत फक्त तीन बिट.

मी दोन दिवस यूट्यूबवर रिव्ह्यू बघितले. ऑफिसच्या ग्रुपवर पोल टाकला. पोलमध्ये कॉर्डलेस जिंकलं. दिसायला तेच भारी होतं ना! मग रात्री नाशिकला बाबांना फोन केला. बाबा सातपूर एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं फिटर होते. मी तिन्ही मशीनची माहिती वाचून दाखवली. ते मध्येच म्हणाले, "ते राहू दे. भिंत कशाची आहे?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. उत्तर शोधता शोधता मी ड्रिलच्या इतिहासात शिरले आणि तिथे अचानक बाबाच सापडले. कसे, ते सांगते.

छाती लावून भोक पाडायचं

भोक पाडणं हे माणसाचं फार जुनं काम आहे. आपल्याकडे सुताराच्या पेटीत सामता असायचा, गिरमिट असायचं. दगडी भिंतीला छिन्नी आणि हातोडी. ताकद कुठून यायची? दंडातून.

विजेवर चालणाऱ्या ड्रिलचं पहिलं पेटंट १८८९ सालचं. मेलबर्नमध्ये आर्थर आर्नॉट आणि विल्यम ब्रेन या दोघांनी ते घेतलं. पण ते मशीन होतं खडक आणि कोळसा फोडण्यासाठी. घर वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग १८९५ साली जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं हातात धरता येईल असं इलेक्ट्रिक ड्रिल बनवलं. "हातात" म्हणजे कसं, तर दोन बाजूंना दोन मुठी आणि मागे छाती टेकवायला पाटी. दोन्ही हातांनी धरायचं आणि अंगाचा भार टाकून रेटायचं. पण एक गोष्ट मात्र बदलली होती. आधी काम उचलून मशीनपाशी न्यावं लागायचं, आता मशीन कामापाशी येऊ लागलं. जहाज, पूल, बॉयलर या गोष्टी कुठे उचलणार तुम्ही?

बोटानं चालू, बोटानं बंद

आता अमेरिकेत बाल्टिमोरला येऊ. १९१० साल. डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर हे दोन तरुण एका टेलिग्राफ कंपनीत एकत्र काम करायचे. नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकायचं ठरलं. ब्लॅकनं आपली गाडी ६०० डॉलरला विकली, तेवढेच पैसे डेकरनं उभे केले. म्हणजे १२०० डॉलरमध्ये स्टार्टअप. सुरुवातीला ते दुसऱ्यांसाठी छोटी-मोठी यंत्रं बनवून द्यायचे.

त्यांना सुचलेली गोष्ट आज इतकी साधी वाटते की ती कोणाला तरी सुचावी लागली असेल यावर विश्वास बसत नाही. ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ आणि मुठीत घोडा. दाबला की चालू, सोडला की बंद. कोल्ट कंपनीचं पिस्तूल समोर होतं आणि त्यावरून हे सुचलं असं सांगतात. १९१७ साली त्याचं पेटंट मिळालं.

यात काय विशेष? इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन फार आवडतं. मुठीत घोडा असल्यामुळे मशीन चालू करायला मूठ सोडावी लागत नाही. आणि हात घसरला, दचकलात, पडलात, तर बोट सुटतं आणि मशीन आपोआप थांबतं. आपण ज्याला फेल-सेफ म्हणतो, ते इथे एका बोटात बसवलंय. आज पोर्टलवरच्या माझ्या तिन्ही पर्यायांना हीच मूठ आणि हाच घोडा आहे. शंभर वर्षांत तेवढं बदललेलं नाही.

तरीही हे हत्यार कारखान्याचंच राहिलं. महाग, जड, वर्कशॉपमध्ये वापरायचं. घरात ड्रिल असणं म्हणजे आज घरात लेथ असण्यासारखं होतं.

स्टोअरमधून ड्रिल गायब

आणि मग दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकेतले कारखाने रात्रंदिवस विमानं, जहाजं, तोफा बनवायला लागले. विमान म्हणजे ॲल्युमिनियमचे पत्रे आणि त्यांना जोडणारे असंख्य रिव्हेट. प्रत्येक रिव्हेटला आधी एक भोक. म्हणजे छोटी, हलकी, एका हातात मावणारी ड्रिल ढिगानं लागणार. ज्यांनी आधी कधी कारखाना पाहिला नव्हता अशी माणसं ती चालवायला शिकली आणि त्यात लाखो बायका होत्या.

ब्लॅक अँड डेकरच्या इतिहासात इथली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. युद्धसामग्रीच्या कारखान्यांकडून ड्रिलच्या ऑर्डर पुन्हा पुन्हा येत होत्या. मशीन बिघडत होती म्हणून नव्हे. हरवत होती म्हणून. कामगार ड्रिल घरी नेत होते. दाराची बिजागरी बसवायची, मांडणी ठोकायची, पोरांचा पलंग करायचा, अशी कामं घरोघर असतातच. दिवसभर कारखान्यात जे मशीन चालवलं, त्यानं घरचं काम पाच मिनिटांत होतं हे त्यांना कळलं होतं.

आता तुम्ही कारखान्याचे मालक असाल तर काय कराल? गेटवर झडती. रजिस्टर. एखाद्याला पकडून शिक्षा. कारखान्याच्या बाजूनं ते चुकीचंही नाही, वस्तू त्यांची होती. पण ड्रिल बनवणाऱ्या कंपनीत बसलेल्या लोकांना त्याच बातमीत वेगळी गोष्ट दिसली. माणसं नोकरी धोक्यात घालून एक वस्तू घरी नेतायत, याचा अर्थ ती वस्तू घरी हवी आहे आणि बाजारात त्यांना परवडेल अशी ती नाहीच.

१९४६ साली त्यांनी घरगुती वापरासाठी वेगळी मालिका काढली. नाव ठेवलं "होम युटिलिटी". पाव इंची ड्रिल, किंमत १६.९५ डॉलर.

वेळही अचूक होती. सैनिक परत येत होते. १९४४ च्या कायद्यानं त्यांना घरासाठी सरकारी हमीचं कर्ज मिळत होतं. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, एकाच छापाची हजारो घरं. त्यातल्या सुरुवातीच्या घरांचा माळा मुद्दाम अपुरा सोडलेला असायचा. पैसे जमले की मालकानं स्वतः खोल्या काढून घ्यायच्या. म्हणजे हातात कर्जाचं घर, डोक्यावर अर्धवट माळा आणि दुकानात सतरा डॉलरचं ड्रिल. मार्केट म्हणतात ते हेच. (एक बाजू सांगायलाच हवी. लेव्हिटटाउनच्या त्या वसाहतीत कृष्णवर्णीय कुटुंबांना घर मिळत नव्हतं. ते युद्धात लढून आले असले तरी. घरगुती ड्रिलचा तो सुखी काळ सगळ्यांचा नव्हता.)

बाबांचा मेमो

हा भाग वाचून मी थांबले. कारण ही गोष्ट मला आधीच माहीत होती, फक्त अमेरिकेतली नाही.

भारतात तोपर्यंत, आणि पुढेही बरीच वर्षं, ड्रिल हे कारखान्याचंच हत्यार होतं. मुलुंडच्या रॅलीवुल्फचं नाव जुन्या फिटर-इलेक्ट्रिशियन लोकांना विचारा, डोळे चमकतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला १९७० च्या दशकात सुरू झालेली कुलकर्णी पॉवर टूल्स ही तर आपल्या मातीतली कंपनी. पण ही मशीन घ्यायचे ते वर्कशॉप, फॅब्रिकेटर, ठेकेदार. पगारदार माणूस सुताराला बोलवायचा.

आमच्या घरी मात्र सुटीच्या आदल्या संध्याकाळी बाबा कंपनीचं ड्रिल आणायचे. रीतसर, स्टोअरकीपरच्या सहीचा गेटपास घेऊन. चांदीसारख्या ॲल्युमिनियमचं अंग, काळी जाड वायर, चालू केलं की जळक्या कार्बनचा वास. अख्ख्या चाळीची कामं त्या एका दिवसात व्हायची. कोणाचा पडद्याचा रॉड, कोणाची देवघराची फळी. मी वायर धरून उभी राहायचे. मी इंजिनिअर झाले त्याचं थोडं श्रेय त्या वायरला आहे.

मी सात-आठ वर्षांची असताना ते अचानक बंद झालं. का, ते मला परवाच्या फोनवर कळलं. मी अमेरिकेतली गोष्ट सांगत होते, "बाबा, तिथले कामगार चक्क ड्रिल पळवायचे." बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मलापण मेमो मिळाला होता."

एका संध्याकाळी स्टोअरकीपर लवकर गेला होता. शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनसाठी फळी ठोकायचं कबूल केलं होतं. बाबांनी ड्रिल डब्याच्या पिशवीत टाकलं, सकाळी पहिल्या पाळीला परत ठेवू म्हणून. गेटवर पिशवी उघडली गेली. चौकशी झाली. मेमो दिला, त्या वर्षीची वेतनवाढ थांबवली. घरी आईशिवाय कोणाला सांगितलं नाही.

"चूक माझीच होती," बाबा म्हणाले. "पास नव्हता." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण वीस वर्षांनीही लाज होती. मला ते ऐकवेना.

मी कंपनीला दोष देत नाही. पास नव्हता, नियम होता. पण एकच घटना, कामगार आणि त्याच्या पिशवीत ड्रिल. एका ठिकाणी तिच्यातून मेमो निघाला, दुसऱ्या ठिकाणी तिच्यातून एक नवा धंदा निघाला. फरक ड्रिल नेणाऱ्यात नव्हता. बघणाऱ्यानं काय विचारलं, यात होता. "कोणी नेलं?" असं विचारलं की चोर सापडतो. "का नेलं?" असं विचारलं की गरज सापडते. सॉफ्टवेअरवाल्यांनो, आपले युजर अशा किती गोष्टी "चुकीच्या" पद्धतीनं वापरतात आणि आपण त्यावर काय करतो? ते बटण ब्लॉक करतो!

आणखी एक. निवृत्त होताना कंपनीनं बाबांना बक्षीस दिलं. भिंतीवरचं घड्याळ. ते टांगायला घरात ड्रिल नव्हतं. बाबांनी छिन्नीनं भोक पाडून, लाकडाची खुंटी ठोकून ते लावलं. अजून तिथेच आहे आणि वेळही बरोबर दाखवतं.

पगार नोटा-नाण्यांतच द्यायचा, हे आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्यानं ठरवलं. त्याआधी ब्रिटनमध्ये १८३१ साली तसा कायदा झाला होता, कारण मालक मजुरीच्या जागी आपल्याच दुकानातला माल कामगारांच्या गळ्यात मारायचे. म्हणून पगार पैशात आणि कौतुक वस्तूत, अशी वाटणी झाली. पगारातून आलेली वस्तू कुठून आली हे आपण विसरतो. बक्षिसाच्या वस्तूचं तसं होत नाही, ती का मिळाली हे लक्षात राहतं. निदान मला तरी राहणार आहे.

चंद्रावरची अफवा

आता निवडीकडे. पर्याय दोन, कॉर्डलेस. "हे नासानं चंद्रासाठी शोधलं" अशी एक पोस्ट दर दोन महिन्यांनी फिरते. खरं नाही ते. ब्लॅक अँड डेकरनं बॅटरीवरचं ड्रिल १९६१ सालीच आणलं होतं. नासासाठीचं काम नंतरचं. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर खरोखर बॅटरीच्या ड्रिलनं भोक पाडलं, पण त्यालाही घाम फुटला. सुमारे २.४ मीटर खोल गेलेली नळी बाहेर काढायला दोघा अंतराळवीरांना जोर लावावा लागला. जमीन कशाची आहे हे आधी नीट माहीत नसलं की असं होतं. बाबांचा प्रश्न आठवला?

सुरुवातीच्या त्या बॅटऱ्या निकेल-कॅडमियमच्या, ताकद कमी. नागोयात सुरू झालेल्या माकिता कंपनीनं १९६९ साली आपलं पहिलं रिचार्जेबल ड्रिल काढलं, १९७८ साली ७.२ व्होल्टचं. खरा बदल लिथियम-आयननं केला. सोनीनं १९९१ साली ती बॅटरी बाजारात आणली आणि २००५ साली मिलवॉकी कंपनीनं २८ व्होल्टची लिथियम हत्यारं काढली. तेव्हापासून कॉर्डलेस हे खरंखुरं कामाचं हत्यार झालं.

पण माझं काय? मी वर्षातून पाच-सहा वेळा ड्रिल वापरणार. बॅटरी कपाटात नुसती पडली तरी म्हातारी होते. चार-पाच वर्षांनी ती गेली आणि कंपनीनं तो आकार बंद केला असेल, तर चांगलं मशीन भंगारात. रोज स्क्रू मारणाऱ्या सुताराला कॉर्डलेस हवंच. मला नको.

भिंत कशाची आहे?

राहिले दोन. इथे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर लागतं. मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन विचारलं. आमची बिल्डिंग मिवान पद्धतीची. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. म्हणजे घरात वीट जवळजवळ नाहीच, सगळ्या भिंती काँक्रीटच्या. पुण्यात नवीन फ्लॅट घेतला असेल तर तुम्हीही हे तपासा.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्यांची जोडी असते. फिरताना दात एकमेकांवरून घसरतात आणि बिट थरथरतं. मिनिटाला चाळीस-पन्नास हजार ठोके, पण प्रत्येक ठोका चिमणीच्या चोचीएवढा. आणि दात एकमेकांवर दाबून ठेवायला तुम्हालाच मागून जोर लावावा लागतो. विटेत हे लोण्यासारखं जातं. काँक्रीटमध्ये खडी लागली की नुसतं घासत बसतं. म्हणजे परत १८९५ सारखं, छाती लावून.

रोटरी हॅमरचं तंत्र वेगळं. बॉशनं १९३२ साली असं हॅमर आणलं. आजच्या हॅमरमध्ये एक दट्ट्या आत हवा दाबतो, ती हवा एका लोखंडी ठोकळ्याला फेकते आणि तो बिटच्या बुडावर आदळतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येक ठोक्यात दम असतो. १९७५ साली बॉशनं यासाठी एसडीएस नावाची बिटची पद्धत काढली. जर्मन शब्दांचा अर्थ साधारण "घाल, फिरव, बसलं". बिट त्यात पुढे-मागे सरकू शकतं, त्यामुळे ठोका वाया जात नाही. मुख्य म्हणजे तुम्हाला रेटावं लागत नाही. मशीन नुसतं सरळ धरायचं.

आणि इथे माझं ठरलं. बाबा सदुसष्टचे आहेत, उजवा खांदा दुखतो. कॉर्डलेस हलकं आहे, पण माझ्या भिंतीपुढे त्याचं काही चालणार नाही. इम्पॅक्ट ड्रिल त्यांना रेटवणार नाही. हॅमर वजनाला जास्त आहे, पण जोर ते स्वतः लावतं. लाकडाला-लोखंडाला भोक पाडायचं तर ठोका बंद करून अडॅप्टर लावायचा, साधं ड्रिल तयार.

तुम्ही निवडत असाल तर एवढं लक्षात ठेवा: विटेचं घर असेल तर वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. काँक्रीट असेल तर हॅमर. भाड्याचं घर आणि फक्त फर्निचर जोडायचं असेल तर कॉर्डलेस. आणि काहीही घेतलंत तरी डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, कारण काँक्रीटची धूळ फुफ्फुसाला वाईट. भिंतीतून वायर-पाइप कुठून गेलेत ते आधी बघा.

हॅमर गेल्या आठवड्यात आलं. बाबा नाशिकहून आले, आल्या आल्या खोका उघडला, बिटला ग्रीस लावलं आणि पहिलं भोक पाडलं. मी वायर धरून उभी होते. भोकात रावळ प्लग बसवला. हे नावही इंग्लंडमधल्या रॉलिंग्ज नावाच्या माणसावरून आलंय, त्याची गोष्ट पुढच्या एपिसोडमध्ये.

दुसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधले दादा विचारायला आले, "तुमचं मशीन एक दिवस मिळेल का?" मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "घेऊन जा की. पास नको."

पुढच्या भागात भेटू. तुमच्या घरात ऑफिसमधून आलेली कुठली वस्तू आहे, आणि ती कशाबद्दल मिळाली होती, ते नक्की कळवा.